मूल होत नाही? आधी नवऱ्याची तपासणी करा!

रेल्वे व टपाल कामगार बंधूंनो,

बोनस आणि पेन्शनसाठी आपण गेटसभेत घसा कोरडा करतो. पण क्वार्टरच्या चार भिंतींआड एक अन्याय वर्षानुवर्षे चालू आहे, त्यावर कोणी तोंड उघडत नाही. लग्नाला तीन वर्षे होऊन पाळणा हलला नाही, की दोष सुनेचा! उपास तिने करायचे, नवस तिने बोलायचे, दवाखान्याच्या पायऱ्याही तिनेच झिजवायच्या. नवरा मात्र मिशीला पीळ देत बाहेर बसणार. आम्ही याचा निषेध करतो.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत कारणाचा काही वाटा पुरुषाकडे असतो. शुक्रजंतूंची नुसती संख्या असून भागत नाही, त्यांना पुढे पोहता आले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार शंभरात निदान ३० जंतू पुढे सरकणारे असावेत. त्याहून कमी असले तर मूल होणारच नाही असे नव्हे, पण अडचण वाढते. मर्दानगीचा येथे काडीचा संबंध नाही. धडधाकट गड्याचेही जंतू मंद असू शकतात.

वृषणाच्या शिरा फुगणे, जंतुसंसर्ग, विडी-तंबाखू, दारू ही कारणे आहेतच. शिवाय उष्णता आणि शिसे! वृषण शरीराच्या आतील भागापेक्षा दोन ते चार अंश थंड राहावे लागतात. मग मे महिन्यात तापलेल्या इंजिनात तासन् तास बसणारा ड्रायव्हर, वर्कशॉपच्या भट्टीपुढचा कामगार, बॅटरीचे शिसे हाताळणारा खलाशी यांचा विचार कोणी करायचा? प्रशासन ठरावीक मुदतीने ड्रायव्हरचे डोळे तपासते, कारण गाडी सुखरूप पोचली पाहिजे. ड्रायव्हरच्या संसाराचे काय?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे डीबीसीपी हे शेतीचे विषारी औषध बनवणाऱ्या कामगारांच्या १९७७ साली लक्षात आले, की आपल्यापैकी अनेकांना मुले होत नाहीत. त्यांनी लाज सोडून तपासणीची मागणी लावून धरली. अनेकांच्या वीर्यात जंतू नव्हते किंवा फारच थोडे होते. १९७९ मध्ये तेथे त्या औषधाच्या बहुतेक वापरावर बंदी आली. कामगार बोलले, म्हणून हे घडले!

आपण गप्प बसतो आणि रुळांकडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग' रंगवणारे वैदू आपला पगार लुटतात. नपुंसकत्वावरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, तरी त्या भिंती रंगलेल्याच!

आमच्या मागण्या:
१) खात्याच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात वीर्यतपासणी मोफत व गुप्त राखून व्हावी.
२) उष्णता व शिशाच्या कामावरील कामगारांची नियमित तपासणी व्हावी, दोष आढळल्यास पगार न कापता काम बदलून मिळावे.
३) उरलेल्या सर्व इंजिनांच्या केबिन वातानुकूलित कराव्यात.

आणि बंधूंनो, एक मागणी तुमच्याकडे. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. तंबाखूची पुडी आजच फेका आणि बायकोला दवाखान्यात पाठवण्याआधी स्वतः रांगेत उभे राहा!