विहिरीची पाळी आणि सुट्टीची पाळी



स्ट्रॉबेरीचा हंगाम उरकला. दोन दिवस झाले, रानातला मल्चिंग पेपर गोळा करतोय, ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवतोय. पाऊस लागायच्या आत हे सगळं आवरलं पाहिजे. पिकाबद्दल आज लिहिण्यासारखं काही नाही. रविवारी वाडीत बैठक आहे आणि तिथं मला नीट बोलू देतील की नाही माहीत नाही, म्हणून माझं म्हणणं इथंच मांडून ठेवतो.

आम्ही आठ-नऊ जण मिळून कृषी पर्यटनाच्या आठ खोल्या बांधायच्या म्हणतोय. पाचगणी-महाबळेश्वरच्या या पट्ट्यात शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते, तिकडं तापोळ्याकडंही लोकांनी खोल्या काढल्यात. 2020 मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. अडतंय ते भांडवलावर. मागच्या आठवड्यात कुणीतरी पुण्याहून एक सल्लागार आणला. लॅपटॉप उघडून त्यानं सांगितलं, बँकेत कशाला जाताय, दहा वर्षांची मेंबरशिप विका. तीनशे मेंबर, प्रत्येकी साठ हजार, वर्षाला पाच रात्री. एक कोटी ऐंशी लाख रुपये वीट लावायच्या आधी हातात. "मोठमोठी रिसॉर्टं अशीच उभी राहिलीत काका," म्हणाला.

सगळ्यांचे डोळे चमकले. मी गप्प बसलो, कारण असल्या मेंबरशिपची एक फाइल माझ्या घरात आहे.

फाइल लेकीची. सात वर्षांपूर्वी पुण्यात एका मॉलमध्ये तिनं कुपन भरलं. चार दिवसांनी फोन, तुमचा नंबर लागलाय, नवराबायको दोघांनी यायचं, जेवण आणि तीन दिवसांची सहल फुकट. गेले. अडीच तास बसवून ठेवलं. एक मुलगा बोलून दमला की दुसरा. आजच सही केली तर लाखाची सूट, उद्या हा भाव नाही. जावईबापू शांत माणूस, त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. कार्ड घासलं, बाकीचे हप्ते. पंचवीस वर्षं, दरवर्षी सात रात्री. एकूण चार लाखांच्या वर.

पहिल्या वर्षी गेले, खोली छान होती, नातवंडं खूश. खोटं कशाला बोलू, मी पण दोन रात्री राहून आलो. पुढच्या वर्षी दिवाळीला मागितली तर शिल्लक नाही. मे महिन्यात मागितली, शिल्लक नाही. मग कळलं, त्यांचा हंगाम गर्दीचा नाही. या धंद्यात वर्षाचे रंग पाडलेले असतात, लाल म्हणजे गर्दीचे दिवस, पांढरा मधला, निळा ओस पडलेला. जसा रंग तसा भाव. सही करताना हे सांगितलं होतं का? लेक म्हणते, सांगितलं असेल, अडीच तासांत काय काय लक्षात राहणार. आणि खोली मिळो न मिळो, वर्षाची देखभाल फी चुकत नाही. बारा हजारांवर सुरू झाली, आता जीएसटी धरून एकोणीसच्या पुढं गेली. विकायला काढली तर गिऱ्हाईक नाही. नवीन मेंबरशिप विकायला माणसं दारोदार फिरतात, जुनी घ्यायला कुणी नाही.

मी दहावी पास. पण पुतण्याला शेजारी बसवून तीन रात्री तो करार वाचून काढला. पहिला धडा हा, की यात मालकी कशाचीच नाही. भिंत नाही, वीट नाही, फक्त राहायचा हक्क. तोही जागा शिल्लक असेल तर.

आता तुम्ही म्हणाल, पाळीनं वापरायची वस्तू म्हणजे भांडण आलंच. तसं नाही. आमची विहीर आजोबांच्या वेळची, चार भाऊबंदांची. आठ दिवसांच्या फेऱ्यात दोन दिवस माझी पाळी. सातबाऱ्यावर हिस्सा लागलेला आहे. मोटर जळली की चौघं मिळून रिवाइंडिंगची पावती बघतो आणि चौथाई-चौथाई भरतो. पाचवा हिस्सेदार घालायचा तर चौघांची सही लागते. एप्रिलमध्ये पाणी उतरलं की चौघांचंही कमी होतं, आणि ते चौघांना डोळ्यांनी दिसतं. भांडणं होतात, पण पन्नास वर्षं विहीर चालली आहे. पाळी वाईट नाही. विहिरीत पाणी किती आणि हिस्से किती विकले हे हिस्सेदाराला दिसत नसेल, तिथं घोळ सुरू होतो.

टाइमशेअर म्हणजे मुळात हीच पाळी. युरोपात 1960 च्या दशकात सुरू झालं. डोंगरातलं महागडं घर वर्षभर एकट्याला परवडत नाही, मग आठवडे वाटून घ्या. स्वित्झर्लंडची हापिमाग कंपनी 1963 ची. 1974 मध्ये अमेरिकेत आरसीआय निघाली, तिनं अदलाबदलीची सोय केली, म्हणजे तुमचा आठवडा मला, माझा तुम्हाला. आपल्याकडं 1986 मध्ये स्टर्लिंग आली, 1996 मध्ये महिंद्राचा क्लब. गोव्यात तर नव्वदच्या दशकात कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर स्क्रॅच कार्ड घेऊन पोरं गोऱ्या पर्यटकांच्या मागं लागायची, बक्षीस लागलं म्हणून रिसॉर्टवर न्यायची आणि तिथं तोच अडीच तासांचा कार्यक्रम.

त्या काळी यात अर्थ होता, हे मान्य करायला हवं. मध्यमवर्गी माणसाला बायकापोरं घेऊन उतरता येईल अशी स्वच्छ जागा सहज सापडत नव्हती. स्वयंपाकघर असलेली खोली, ओळखीची कंपनी, पुढच्या वीस वर्षांच्या महागाईतून सुटका. आणि आमच्यासारख्यांनाही फायदा झाला. मेंबर पैसे भरून बसलेला असतो म्हणून तो पावसाळ्यातही येतो, त्यामुळे अशा रिसॉर्टात आमच्या पोरांना बारमाही काम मिळतं. नुसत्या लॉजवाल्याची पोरं जुलैत घरी बसतात. (भाजी मात्र यातले बरेच जण वाशीवरून आणतात, दारातली सोडून. तो विषय परत कधी.)

आता जग फिरलं. 2008 मध्ये एअरबीएनबी आलं, 2013 मध्ये ओयो. पुण्याचं पोरगं शुक्रवारी दुपारी ऑफिसात बसून मोबाइलवर चार खोल्यांचे फोटो, भाव आणि लोकांच्या तक्रारी बघतं आणि रात्री इथं हजर. दोन रात्री राहतं आणि रविवारी स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन परत. सलग सात दिवस सुट्टी कुणाला आहे? नवराबायको दोघं नोकरीला, पोरांचे क्लास. पंचवीस वर्षं एकाच कंपनीकडं जायचं हे त्यांना लग्नापेक्षा अवघड वाटतं. कंपन्यांनाही हे कळलंय. आठवड्याच्या जागी पॉइंट आले, मुदती कमी झाल्या, मेंबर नसलेल्यांनाही खोल्या देणं वाढलं. यात मेंबर आणखी चिडतो. मी फोन केला तर भरलेलं आणि बाहेरच्याला मोबाइलवर खोली दिसतेय, हे काय? लेकीनं हे स्वतः करून बघितलंय.

म्हणजे जो माल तीस वर्षांपूर्वी गरजेचा होता तो आता जोर लावून विकावा लागतो. आणि जोर लावायला पैसा लागतो. फुकटची जेवणं, कमिशन, फोन करणारी पोरं. मेंबर भरतो त्यातला मोठा वाटा गिऱ्हाईक पकडण्यातच जातो. आडत, हमाली, तोलाई आपल्याला पाठ आहे, पण इथली आडत आपल्या मार्केट यार्डालाही लाजवील.

आता आमच्या आठ खोल्यांचा हिशेब. वहीच्या मागच्या पानावर केला, तुम्हीही करून बघा.

आठ खोल्या, 365 दिवस, म्हणजे 2,920 रात्री. तीनशे मेंबर पाच रात्रींनी 1,500. सल्लागार म्हणतो निम्म्याच विकतोय, बिनधास्त राहा. पण इथं माणूस येतो कधी? शुक्रवारी आणि शनिवारी. वर्षाचे शुक्रवार-शनिवार मिळून 104, आठ खोल्यांच्या 832 रात्री. मागणारे पंधराशे, आहेत आठशे बत्तीस. मंगळवारी पावसात खोल्या रिकाम्या पडतील आणि दिवाळीत तीनशे माणसं फोनवर आमच्या आयाबहिणींचा उद्धार करतील.

पैशाचं बघा. एक कोटी ऐंशी लाखांतले तीस टक्के विक्री करणारी टोळी घेणार, हे त्यानं शेवटी हळूच सांगितलं. चोपन्न लाख गेले. राहिले एक कोटी सव्वीस लाख. बांधकाम, संडास-बाथरूम, सोलर, रस्ता धरून आमचाच अंदाज नव्वद लाख. उरले छत्तीस लाख, ते दहा वर्षांना. महिन्याला तीस हजार. यात स्वयंपाकीण, झाडलोट, लाइट बिल, चादरी आणि पाचव्या वर्षी गळणारं छत. तिसऱ्या वर्षी आम्ही काय करणार? मेंबरांना चिठ्ठी पाठवणार, देखभाल फी वाढवली आहे म्हणून. आणि नवे मेंबर करणार, जुन्यांना तोंड द्यायला. लेकीला ज्यांनी फसवलं असं मी सात वर्षं म्हणत आलो, त्यांच्याच खुर्चीत आम्ही जाऊन बसणार. त्या रात्री मला झोप आली नाही ती यामुळे.

पुढची पायरी आपण महाराष्ट्रात बघितली आहे. पॅनकार्ड क्लब्जनं हॉटेलातल्या रात्री विकल्या, पण मुदत संपल्यावर राहायच्या ऐवजी पैसे परत, तेही वाढवून. गावोगावी एजंट. सेबीनं 2014 मध्ये पैसे गोळा करणं थांबवलं आणि 2016 मध्ये पन्नास लाखांवर लोकांचे सात हजार कोटींहून जास्त रुपये परत करा असा आदेश दिला. सुट्टी नावाला होती, खरी ठेव होती. आमचा सल्लागारही बोलता बोलता म्हणून गेला, "कुणाला यायचं नसेल तर दहा वर्षांनी दुप्पट देऊ म्हणून सांगा, विक्री पटापट होईल." तिथं मला घाम फुटला. असलं काही आमच्या पावतीवर छापलं तर दारात सेबी येईल.

मग करायचं काय? माझं मत असं. खोल्या आठ नको, आधी तीन काढू, आपल्या पैशानं आणि जमेल तेवढ्या कर्जानं. आगाऊ पैसे घ्यायचेच तर एका वर्षाचे, त्याच मोसमापुरते, आणि शुक्रवार-शनिवारच्या निम्म्याच रात्री त्यात द्यायच्या. किती रात्री विकल्या याचा तक्ता भिंतीवर आणि मोबाइलवर, गिऱ्हाइकाला दिसेल असा. पैसे वेगळ्या खात्यात, तो माणूस राहून गेल्यावरच काढायचे. युरोपात कायदाच आहे की सही केल्यावर चौदा दिवस माणूस कारण न देता माघार घेऊ शकतो आणि त्या मुदतीत त्याच्याकडून पैसा घ्यायचा नाही. आपणही पंधरा दिवस देऊ, कुणी सांगायची वाट कशाला बघायची? घाई करून घेतलेली सही मला नको. भाव पटला तर माणूस दुसऱ्या दिवशीही येतो, हे मी रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विकून शिकलोय.

ज्यांच्या घरी अशी फाइल पडलेली आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात हेलपाटे नकोत. करारच एकतर्फी असेल तर 'अन्याय्य करार' म्हणून राज्य आयोगाकडं जाता येतं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. लेकीनं आत्ता कुठं तिथं फोन केलाय. जावईबापू अजून म्हणतात, जाऊ द्या आण्णा, आपणच सही केली.

बैठक रविवारी संध्याकाळी सातला, मारुतीच्या देवळात. लेकीची फाइल आणि वही पिशवीत टाकून नेणार आहे. आठातले पाच जण सल्लागाराच्या बाजूनं आहेत असं कानावर आलंय. आपल्यापैकी कुणी अशा खोल्या चालवत असेल तर मधल्या वारी किती भरतात तेवढं शनिवारपर्यंत कळवा. तो आकडा माझ्याकडं नाही.