सीपॅपच्या डबीतला पांढरा थर

करमाड, कुंभेफळ, लाडसावंगी भागात ज्यांच्या घरी झोपेत श्वास अडकतो म्हणून सीपॅप मशीन आलंय, त्यांना कळकळीची विनंती: त्याच्या पाण्याच्या डबीत बोअरचं पाणी भरू नका.

आपल्या पायाखाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊनच बोअरमध्ये उतरतं. डबीतल्या पाण्याची रात्रभर वाफ होते, क्षार तळाशी राहतात. ते वाफेबरोबर छातीत जातात ही धास्ती नको. पण थर चढला की डबीचा धातूचा तळ नीट तापत नाही, हवा कोरडी येते, नाक-घसा सुकतो आणि माणूस वैतागून मास्कच काढून ठेवतो. खरं नुकसान तिथे होतं. शिवाय खरखरीत थरात जंतूंना आसरा मिळतो.

उपाय किराणा दुकानात आहे: पांढरं व्हिनेगर. प्लग काढा, डबी गार होऊ द्या. एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी असं भरून अर्धा तास ठेवा. मशीनच्या पुस्तिकेत वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. थरातून बारीक बुडबुडे उठू लागले, की तो विरघळतोय समजा. चिवट असेल तर पुन्हा भरा. मग वास जाईपर्यंत खळखळून धुवा, सावलीत वाळवा. तारेच्या घासणीनं चरे पडतात, ती लावू नका. बाथरूमचं ॲसिड किंवा ब्लीच तर चुकूनही नको. याच डबीतली हवा रात्रभर नाकातोंडात जाणार आहे.

रोजच्यासाठी मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर मागवून घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचा कॅन आणू नका. ते पाणी माणसासाठी नसतं, आणि तशाच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिडही मिळतं. अडीअडचणीला आरओचं पाणी उकळून, गार करून चार दिवस चालेल. बोअरचं पाणी नुसतं उकळून भागत नाही. जंतू मरतात, पण सगळे क्षार काही जात नाहीत.

सकाळी उरलेलं पाणी ओतून द्या, त्यातच भर घालू नका. भरल्या डबीसकट मशीन उचललं तर पाणी मोटरमध्ये शिरू शकतं. घरात म्हातारं माणूस असेल तर हे काम सून-मुलानं अंगावर घ्यावं.

एखाद्या दिवशी डिस्टिल्ड वॉटर संपलंच आणि आरओचं पाणीही हाताशी नसेल, तर ह्युमिडिफायर (पाणी तापवून हवा ओलसर करणारा भाग) बंद करून कोरडी डबी लावा, पण मशीन लावूनच झोपा.