कडबाकुट्टी घेण्यापूर्वी

विजेवरची कडबाकुट्टी घेताना चार वापरणाऱ्यांचे मत जरूर विचारावे. परंतु "यंत्र फार चांगले" एवढ्याने आमचे समाधान होत नाही. यंत्र येऊन आठच दिवस झालेल्याचे मत कच्चे. ज्याने उन्हाळ्यात वाळका कडबा व पावसाळ्यात ओली वैरण कापली, त्याचे पक्के. पाती कधी बोथटतात, सुटे भाग तालुक्याला मिळतात की नाही, हे तोच सांगेल. सर्वांत आधी मात्र हातांचे विचारावे: वैरण सारण्याच्या तोंडावर झाकण आहे का? पट्ट्यावर जाळी आहे का? रूळ उलटे फिरवण्याचा दांडा चटकन हाती येतो का? जे मत कापणीचा वेग सांगते आणि बोटांविषयी गप्प राहते, ते आम्ही अपुरेच मानतो.