खोलीत शिसं ओतू नका, जिगचा धंदा त्याशिवायही होतो



गेल्या पावसाळ्यात डिलाईल रोडच्या चाळीतला एक मुलगा दुकानात आला. मोबाइलवर फोटो दाखवला. स्वयंपाकाच्या ओट्यावर शेगडी, शेगडीवर जुनी कढई, कढईत वितळलेलं शिसं, बाजूला मोल्ड. "दादा, तुमचा व्हिडिओ बघून सुरू केलं. पन्नास जिग विकले पण." मी फोटो मोठा करून पाहिला. मागे लादीवर त्याची दोन वर्षांची पुतणी पोहे खात बसली होती.

त्या व्हिडिओत मी भांडवल सांगितलं, नफा सांगितला. वितळवायचं कुठे, यावर एकच वाक्य होतं: "हवेशीर जागेत करा." आता १६० चौरस फुटांच्या खोलीत हवेशीर म्हणजे काय, तर खिडकी उघडायची! चूक माझी. तो व्हिडिओ मी काढलाय.

माझं मत सरळ आहे. स्वतः गरवायला जाता, दहा-वीस जिग हवेत, गावी मोकळं अंगण आहे, तर काळजी घेऊन ओता. चाळीत, फ्लॅटमध्ये, गॅलरीत नाही. आणि विकायला तर घरी अजिबात नाही.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. धूर दिसला नाही की लोकांना वाटतं, काही होत नाही. पण वितळलेल्या शिशावर राखाडी मळी येते ना, ती चमच्याने काढताना तिची बारीक भुकटी उडते आणि ओट्यावर, लादीवर, टॉवेलवर बसते. मूल तिथेच खेळतं, तीच बोटं तोंडात घालतं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि लहान मुलं मोठ्यांपेक्षा चार-पाच पट शिसं शोषून घेतात. मेंदूचं होणारं नुकसान भरून येत नाही. बाहेरून काही दिसत नाही, रक्त तपासल्यावरच कळतं. तोंडाला रुमाल बांधून यातलं काहीही थांबत नाही.

कोणी म्हणेल, वरळी कोळीवाड्यात जाळ्याला पिढ्यान्‌पिढ्या शिसं लावतात. लावतात. पण थंड शिसं दोरीत ओवणं वेगळं आणि ते चुलीवर वितळवणं वेगळं. पेट्रोलमधलं शिसं आपण २००० साली बंद केलं, घराच्या रंगातलं शिसं कायद्याने ९० पीपीएमवर आणलं. आणि आपण तेच कढईत घालून घरात आणायचं?

आता हिशेब. बीबीएला कॉस्टिंग शिकलो ते इथे कामाला आलं. ४० ग्रॅमचा जिग धरा, किलोत २५ नग. शिसं किलोला दोनशेच्या आसपास, म्हणजे नगाला आठ रुपये. बाहेरून ओतून घेतलेला कोरा नग मला पंचवीसला पडला. फरक सतरा रुपये. पन्नास नगांत त्या पोराने साडेआठशे रुपये वाचवले, गॅस न धरता. गिऱ्हाईक दीडशे देतं ते रंगाला, चांगल्या हुकला आणि जिताड्याने ओढ दिली तरी तारेचा डोळा निघून येणार नाही या भरवशाला. पैसा तिथे आहे. ओतण्यात नाही.

शिवाय शिसं वितळवणारे कारखाने प्रदूषण मंडळाच्या लाल श्रेणीत येतात. शेजाऱ्याने तक्रार केली तर तुमच्याकडे दाखवायला काय असेल?

अंगणात ओतणाऱ्यांसाठी थोडं. जुन्या बॅटऱ्या फोडू नका; त्यात आम्ल असतं, शिशाची भुकटी असते, आणि २०२२ च्या नियमांप्रमाणे त्या नोंदणीकृत रीसायकलरकडेच जायला हव्यात. मोल्ड आधी तापवून घ्या. आपल्या दमट हवेत त्यात ओल राहते, आणि पाण्याच्या एका थेंबाची वाफ शेकडो पटींनी फुगून तापलेलं शिसं तोंडावर उडवते. पावसाळ्यात तर नकोच. चष्मा, चामड्याचे हातमोजे, बूट, पी-१०० फिल्टरचा मास्क घाला. भांडं पुन्हा स्वयंपाकात नाही, कपडे वेगळे धुवायचे, मळी झाकणाच्या डब्यात. पोरं आणि गरोदर बाई आसपास नको.

कथील चालतं का, असं बरेच जण विचारतात. चालतं. कल्हईवाला वापरतो तेच, २३२ अंशांना वितळतं. पण शिशापेक्षा दहापटीहून महाग, आणि हलकं: ४० ग्रॅमच्या मोल्डमधून २६ ग्रॅमचा नग निघतो. लहान वजनांना ठीक. ब्रिटनने हंस मरतात म्हणून १९८७ मध्येच लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली, तेव्हा हा माल शिकून ठेवायला हरकत नाही.

आणि खोलीत आधीच ओतून झालं असेल तर झाडू मारू नका, भुकटी परत उडते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या, आणि घरातल्या मुलाच्या रक्तातलं शिसं तपासायला डॉक्टरांना सांगा. त्या मुलालाही मी हेच सांगितलं. हल्ली तो कोरे नग घेऊन येतो, रंग माझ्याकडून नेतो. रिपोर्टचं त्याने काही सांगितलं नाही.

रविवारी रंगकामाचा व्हिडिओ टाकतोय. कोरे नग आणि एक जुना ब्रश घेऊन बसा.