पंचनामा बियाण्याचा झाला, बाळंतिणीचा नाही

सोयाबीनची नोंद उद्या टाकतो. आज दुसरा विषय आहे, कारण परवा पारावर पुन्हा तेच ऐकलं, 'कोरोनात आपल्याकडं कायबी अडलं नाही, शेती चालूच होती.'

शेती चालू होती, खरं आहे. २४ मार्च २०२० ला लॉकडाऊन जाहीर झाला आणि २७ तारखेला शेतीकामाला सूट आली. बरोबरच झालं. पुढं जूनमध्ये मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नाही, तर कृषी सहायक बांधावर आले, पंचनामे झाले, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. बी वाया गेलं तर दाद मागायला जागा होती.

आता त्याच महिन्यांत दिवस गेलेल्या बाईचं बघा. अंगणवाडीत महिन्याला भरणारं तपासणी-लसीकरणाचं सत्र ठिकठिकाणी बंद पडलं. एसटी बंद. किल्लारीहून लातूर चाळीसेक किलोमीटर, खाजगी गाडीला भाडं तिप्पट आणि वर नाक्यावर पास दाखवा. आशाताई होत्या, पण त्यांना घरोघर ताप मोजायला लावलेलं. त्या कामाचे महिन्याला १००० रुपये! जून २०२१ मध्ये त्या संपावर गेल्या तर लोक त्यांनाच नावं ठेवत होते.

कागदावर मात्र सगळं चालू. १४ एप्रिल २०२० ला केंद्रानंच लिहून दिलं होतं की गरोदर माता आणि लेकरांची सेवा थांबवू नका. आमच्या भावकीतल्या सुनेला कळा सुरू असताना एका दवाखान्यानं दारातच सांगितलं, 'आधी कोरोनाचा रिपोर्ट आणा.' दुसऱ्या गावी नेईपर्यंत काय झालं असतं, ते सोडा.

कुणी म्हणंल, रोग नवा होता, कुणाला काय कळत नव्हतं. अहो, रोग नवा होता, बाळंतपण नवं होतं का? आपण ३० सप्टेंबर १९९३ बघितलेला गाव आहोत. संकटात बाईचे दिवस भरायचे थांबत नाहीत, हे किल्लारीला कुणी सांगायला नको.

आणि वेळेचं म्हणाल तर शेतकऱ्यालाच जास्त कळतं. वीस दिवसांत तण काढलं नाही तर महिन्यानं खुरपून गेलेलं पीक परत येत नाही. पोटातल्या लेकराचंही तसंच. हिमोग्लोबिन पाचव्या महिन्यात कळलं तर १८० लोहाच्या गोळ्या कामी येतात, नवव्यात कळून काय उपयोग? बीपी वाढलेला बाईला जाणवतच नाही, पट्टा बांधल्याशिवाय कळत नाही. लेकराला पेंटाचे डोस सहा, दहा, चौदा आठवड्यांना, गोवर-रुबेला नऊ महिन्यांला. चुकलेला डोस नंतर देता येतो म्हणतात, येतोही, पण मधल्या दिवसांत लेकरू उघड्यावरच की. किती तपासण्या चुकल्या, कुणी पंचनामा केला? कुणाला नोटीस गेली?

माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी बंदीचा आदेश निघंल तेव्हा शेतीच्या सवलतीशेजारी अंगणवाडीतलं सत्र नावानिशी लिहिलेलं पाहिजे. ग्रामपंचायतीकडं दिवस भरत आलेल्या बायांची यादी पाहिजे, पुण्या-मुंबईहून परत आलेल्या लेकीसुनांसकट, आणि रात्री निघंल अशी एक गाडी ठरलेली पाहिजे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. किल्लारीतले जे वाचतायत त्यांनी यावं, आणि घरातल्या बायांना संगं आणावं. मागच्या वेळी सभेत सगळे गडीच होते.