न हसणाऱ्याचे ऋण

पिरियापट्टणसारख्या तंबाखूच्या तालुक्यात बदलीवर आलेल्या माणसाला मराठी कानी पडावयास म्हैसूर गाठावे लागते. गणेशोत्सवात आम्ही चार कुटुंबे तेथे जमतो, आणि चिमणरावाचा एखादा प्रवेश करावयाचे ठरते. ठरताच वाद उभा राहतो. चिमणराव व्हावयास सारेच सिद्ध, गुंड्याभाऊ व्हावयास कोणी नाही! अखेर ज्याला भाषणे पाठ होत नाहीत त्याच्या हाती सोटा दिला जातो. "त्याला काय, नुसते उभे राहायचे!" हे वाक्य यंदाही ऐकले, त्याचा प्रतिवाद केल्यावाचून राहवत नाही.

चिमणराव भित्रा, हे प्रेक्षकास कशावरून कळते? शेजारी न भिणारा उभा असतो म्हणून. गुंड्याभाऊ एकदा जरी स्वतःच्याच विनोदावर हसला, तरी दोघांचेही सोंग उघडे पडेल. तमाशाने हे पूर्वीच ओळखले होते. बतावणीत सरदाराचा प्रश्न गंभीर असतो, म्हणूनच सोंगाड्याचा अनर्थ रंगतो. अमेरिकेत ॲबट आणि कॉस्टेलो ही जोडी रंगमंचावर होती, तेव्हा मिळकतीतील शंभरातले साठ न हसणाऱ्या ॲबटला मिळत. पुढे कॉस्टेलोची लोकप्रियता वाढली आणि हे प्रमाण उलटले. जगाची कृतघ्नता येथून तेथून सारखीच!

कोणी म्हणेल, चिं. वि. जोशींच्या कथा चिमणरावच सांगतो; मग गुंड्याभाऊ दुय्यम नव्हे काय? कागदावर असेल. तेथे चिमणरावाचा फजितवाडा दाखवावयास लेखकाची वाक्यरचना पुरते. बडोद्यात राहून मराठीला हसविणाऱ्या त्या लेखकाची लेखणी रंगमंचावर मात्र नसते. तेथे तिचे काम एका माणसाच्या स्थिर चेहऱ्यास करावे लागते.

१९४० च्या 'लग्न पहावे करून' या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांच्या चिमणरावाशेजारी विष्णुपंत जोगांनी ते काम केले. १९७७ पासून मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांच्या शेजारी ते बाळ कर्वे यांनी केले. कर्वे हे मुंबई महानगरपालिकेत अभियंता होते. कचेरी सांभाळून नाटक करणारे, म्हणजे आमच्याच जातकुळीचे. ऑगस्ट २०२५ मध्ये ते निवर्तले, तेव्हा लोकांनी हळहळून "गुंड्याभाऊ गेले" असे म्हटले. जो "नुसता उभा" होता, त्याची जागा रिकामी झालेली एवढ्या वर्षांनी कोणास जाणवली असती काय?

दुसऱ्याचे टिपण स्वतःच्या सहीने वर जाताना पाहिलेल्या आम्हा नोकरदारांना तरी हे वेगळे सांगावयास नको. पुढच्या गणेशोत्सवात आमच्यातील सर्वोत्तम नटाच्या हाती सोटा द्यावा. चिमणराव काय, आपणांत घरोघर आहेत!