केजची कर्णधार, पुण्याचं मैदान
जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत भारताच्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. कर्णधार प्रियंका इंगळे मूळची आपल्या केज तालुक्यातली. घडली मात्र पुण्याकडे. हे मला सलतं. मी मुलींच्या कॉलेजात खेळ शिकवते. खो-खोला लागतं काय? दोन खांब, फक्कीच्या रेघा आणि २७ बाय १६ मीटर जागा. तेवढ्याच जागेत आमच्याकडे मोटारसायकली लागतात. दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला गेले, की माझ्या सगळ्यात चपळ पोरी धाकट्या भावंडांपायी घरी अडकतात. उरलेल्यांना कपडे बदलायला खोली नाही. त्या सरावाला थांबतील कशा? सत्कार पुरे झाले. आधी जिल्ह्यातल्या प्रत्येक महिला महाविद्यालयात ती खोली, स्वच्छ संडास आणि पूर्णवेळ क्रीडाशिक्षिका द्या.